दोन दिवसांत गुण देणारी ट्यूब

जांघेत गजकर्ण उठतं. मेडिकलवाल्याला नुसतं 'खाजेचं काहीतरी द्या' म्हटलं की तो एक ट्यूब पुढे करतो. दोन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते आणि ट्यूब कपाटात जाते. आठवड्याभरात खाज परत येते, चट्टा थोडा मोठा झालेला असतो. पुन्हा ट्यूब, पुन्हा गुण, पुन्हा खाज. तीन-चार महिन्यांत चट्टे कमरेवरून पोटावर चढतात, घरातल्या आणखी एक-दोघांना लागण होते, आणि मग कुठे त्वचारोगतज्ज्ञाकडे जाणं होतं. डॉक्टर ट्यूबवरची नावं वाचतात आणि पहिलं वाक्य म्हणतात, "हे आधी बंद करा."

गंमत अशी की त्याच दवाखान्यात पुढच्या नंबरला हातावर इसब उठलेल्या बाई आत येतात आणि डॉक्टर त्यांना त्याच जातीचं औषध स्वतःहून लिहून देतात. डोळ्यांच्या दवाखान्यातही हेच. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आजींना जे थेंब दिवसातून सहा वेळा न चुकता घालायला सांगितलेले असतात, त्याच बाटलीतले उरलेले थेंब नातवाचे डोळे आले म्हणून त्याच्या डोळ्यात घातले, तर डॉक्टर चिडतात.

या ट्यूबमध्ये आणि त्या बाटलीत एकाच घराण्यातलं औषध आहे: कॉर्टिकोस्टेरॉइड, बोलीत नुसतं स्टेरॉइड. (व्यायामशाळेत दंड फुगवायला काही जण घेतात ती स्टेरॉइडं वेगळ्या शाखेची. त्यांचा इथे संबंध नाही.) एकाला तारणारं औषध दुसऱ्याला का अडचणीत आणतं, हे कळायला ते पेशीच्या आत जाऊन नेमकं काय करतं ते पाहावं लागतं.

भटारखान्यातला हुकूम

कातडी लाल होणं, गरम लागणं, सुजणं, खाजणं किंवा दुखणं या सगळ्याला मिळून वैद्यकात 'दाह' म्हणतात. दाह हा आजार नव्हे, ती शरीराची हालचाल आहे. जंतू शिरला, जखम झाली किंवा न मानवणारी वस्तू लागली की तिथल्या पेशी रासायनिक निरोप सोडतात. बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतून पाणी झिरपतं, पांढऱ्या पेशी धावत येतात. शत्रू खरा असेल तर हा सगळा खटाटोप सार्थकी लागतो. इसब किंवा सोरायसिसमध्ये मात्र मारण्याजोगा शत्रू नसतो आणि तरी खटाटोप थांबत नाही.

लग्नघरातला भटारखाना डोळ्यांपुढे आणा. मांडवातून मागणी येते, मुकादम ती आत पोचवतो, चुली पेटतात, पदार्थ बाहेर जातात. पेशीचं केंद्रक हा असा भटारखाना आहे आणि जनुकं म्हणजे तिथे लिहून ठेवलेल्या पाककृती. दाहाचे पदार्थ म्हणजे सूज आणणारी, पांढऱ्या पेशींना बोलावणारी, खाज सुटवणारी रसायनं. आयब्युप्रोफेनसारखं वेदनाशामक यातला एक पदार्थ बंद करतं: प्रोस्टाग्लँडिन. बाकीच्या पंगती चालूच राहतात.

स्टेरॉइड थेट भटारखान्यात शिरतं. त्याचा रेणू स्निग्ध, त्यामुळे पेशीचं आवरण तो सहज पार करतो. आत त्याची वाट पाहत एक प्रथिन थांबलेलं असतं, त्याला ग्राही म्हणतात. दोघांची जोडी जमली की ती केंद्रकात जाते आणि दाहाची मागणी आणणाऱ्या मुकादमालाच अडवते. या मुकादमाचं शास्त्रीय नाव एनएफ-कप्पा-बी. एकाच वेळी पंचवीस चुली विझतात. शिवाय ही जोडी स्वतःची एक-दोन भांडीही चढवते. त्यांतलं ॲनेक्सिन-१ नावाचं प्रथिन प्रोस्टाग्लँडिनचा कच्चा माल पेशीच्या आवरणातून सुटा होऊ देत नाही. म्हणजे स्वयंपाक बंद, आणि कोठारालाही कुलूप.

यावरून दोन गोष्टी उलगडतात. स्टेरॉइडचा पूर्ण परिणाम लावल्या लावल्या का दिसत नाही, त्याला काही तास ते दोन दिवस का लागतात? कारण चुली विझवायचा हुकूम सुटण्याआधी वाढलेले पदार्थ संपायला वेळ लागतो. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. याच भटारखान्यात घराचा रोजचा स्वयंपाकही होत असतो. कातडीला बळकटी देणारं कोलॅजन तिथेच शिजतं. हुकूम लांबला की त्याचीही चूल मंदावते. कातडी पातळ होते, आतल्या शिरा दिसू लागतात, जांघेत आणि काखेत ताणल्यासारखे पट्टे उमटतात, आणि हे पट्टे पुसले जात नाहीत. औषधाचा गुण आणि त्याचा अपाय हे इथे एकाच हुकमाचे परिणाम आहेत. म्हणून 'अपाय नसलेलं जोरदार स्टेरॉइड' बनवायचा प्रयत्न कित्येक दशकं चालूनही पूर्णपणे साधलेला नाही.

बैलाच्या पित्तापासून ट्यूबपर्यंत

मूळ पदार्थ आपलं शरीर स्वतःच बनवतं. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींच्या सालीतून कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक रोज स्रवतं. अमेरिकेत एडवर्ड केंडल आणि स्वित्झर्लंडमध्ये टाडेउश राइखश्टाइन यांनी १९३०च्या दशकात या सालीतली रसायनं वेगळी काढली. सप्टेंबर १९४८मध्ये मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी त्यातलं कॉर्टिसोन संधिवाताने जखडलेल्या २९ वर्षांच्या एका स्त्रीला टोचलं आणि काही दिवसांत ती चालू लागली. दोनच वर्षांनी, १९५०मध्ये, तिघांना नोबेल मिळालं. वैद्यकात इतक्या झटपट मिळालेलं नोबेल विरळाच.

तेव्हा कॉर्टिसोन बैलाच्या पित्तातल्या आम्लापासून तीसहून अधिक पायऱ्यांनी बनवावं लागे. १९५२मध्ये अपजॉन कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी त्यातली सर्वांत अवघड पायरी एका बुरशीकडून करून घेतली आणि औषध स्वस्त व्हायचा रस्ता उघडला. बुरशीच्या मदतीने स्वस्त झालेलं औषध पुढे बुरशीच्याच पथ्यावर पडावं, हा योगायोग मला नेहमी खटकतो.

कातडीवर मात्र कॉर्टिसोनचं मलम चाललं नाही. ते मुळात अर्धवट औषध आहे, शरीरात त्याचं कॉर्टिसॉल व्हावं लागतं. हे काम यकृत झकास करतं, कातडीला ते पुरेसं जमत नाही. १९५२मध्येच सुल्झबर्गर आणि विटन या त्वचारोगतज्ज्ञांनी थेट कॉर्टिसॉल, म्हणजे औषधाच्या भाषेत हायड्रोकॉर्टिसोन, लावून पाहिलं आणि इसब ओसरला. त्यानंतर रसायनशास्त्रज्ञांनी रेणूशी खेळायला सुरुवात केली. फ्लोरिनचा एक अणू जोडला की ग्राहीवरची पकड घट्ट होते. एखादं स्निग्ध शेपूट जोडलं की रेणू कातडीच्या वरच्या कोरड्या थरातून सरसर आत उतरतो. बीटामेथासोन पोटात घेतलं तर जोरदार, पण नुसतं कातडीवर लावलं तर फिकं. त्याला व्हॅलरेटचं शेपूट लावलं आणि ते जगभरच्या घराघरांत पोचलं.

जोर मोजायचा कसा? स्टेरॉइड लावलेल्या जागी रक्तवाहिन्या आकसतात आणि कातडी फिकट पडते. १९६२मध्ये मॅकेन्झी आणि स्टाउटन यांनी निरोगी माणसांच्या हातावर थेंब लावून हा फिकटपणा मोजायची पद्धत बसवली. सौम्य ते अतितीव्र ही औषधांची उतरंड प्रामुख्याने याच पद्धतीवर रचली गेली. तळाशी हायड्रोकॉर्टिसोन, माथ्यावर क्लोबेटासोल, आणि दोघांच्या जोरात शेकडो पटींचं अंतर. दुकानात दोन्ही ट्यूब सारख्याच आकाराच्या दिसतात.

कुठे लावता यावर सगळं

१९६७मध्ये फेल्डमन आणि मायबाख यांनी शरीराच्या वेगवेगळ्या भागांतून हायड्रोकॉर्टिसोन किती आत शोषलं जातं ते मोजलं. हाताच्या पुढच्या भागातून जेवढं जातं त्याला १ धरलं, तर तळपायातून जेमतेम ०.१४, डोक्याच्या कातडीतून ३.५, कपाळातून ६, जबड्याच्या कोपऱ्यातून १३ आणि अंडकोषाच्या कातडीतून तब्बल ४२. तळपायाच्या जाड इसबावर जे औषध पंधरा दिवस लावूनही कमी पडतं, तेच जांघेत आठवडाभरात जास्त होतं. त्यात जांघ झाकलेली, घामेजलेली, कातडीवर कातडी घासणारी. झाकलेल्या जागी शोषण आणखी कित्येक पटींनी वाढतं. तान्ह्या बाळाच्या लंगोटाखाली लावलेलं मलमही या हिशेबात येतं.

गजकर्णाचं कडं कोण बनवतं?

गजकर्णाची बुरशी कातडीच्या अगदी वरच्या, मेलेल्या थरावर जगते. तिथलं केराटिन हे तिचं अन्न. चट्ट्याची लाल, उठावदार, वर्तुळाकार कड पाहून ती बुरशीचीच करामत वाटते, पण ती लाली बुरशीची नव्हे, आपली आहे: बुरशीला रोखायला शरीराने उठवलेला दाह. मधला भाग लढून झालेला, कडेला लढाई चालू.

आता त्या कडेवर स्टेरॉइड लावलं. भटारखाना बंद. लाली गेली, खाज गेली, कड विझली. बुरशीला मात्र कुणी हात लावला नाही, उलट तिला रोखणारे हटले. ती आरामात पसरते. चट्ट्याचं रूपही पालटतं, कड अस्पष्ट होते, कधी वर्तुळात वर्तुळ उमटतं आणि अनुभवी डॉक्टरही क्षणभर चकतात. ब्रिटनमध्ये आइव्ह आणि मार्क्स यांनी १९६८मध्येच या वेषांतर केलेल्या गजकर्णाचं वर्णन करून ठेवलं होतं.

'पण माझ्या ट्यूबमध्ये बुरशीचं औषधही आहे,' असं कुणी म्हणेल. असतंच. आपल्याकडे गाजलेल्या ट्यूब अनेकदा तिरंगी-चौरंगी असतात: एक जोरदार स्टेरॉइड, एक बुरशीनाशक, एकदोन प्रतिजैविकं. खरा रोग ओळखण्याची तसदी न घेता सगळ्यांवर एकदम गोळीबार करायचा, ही कल्पना मला आळशीपणाची वाटते. बुरशीनाशकाला आठवडे लागतात, स्टेरॉइडला दोन दिवस. रुग्ण तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून थांबतो. बुरशी अर्धमेली राहते आणि औषधाशी तिची ओळख मात्र होऊन जाते.

२०२०मध्ये जपानी संशोधकांनी भारतीय आणि नेपाळी रुग्णांकडून मिळालेल्या बुरशीला ट्रायकोफायटन इंडोटिनी असं नवं नाव दिलं. टर्बिनाफिन हे गजकर्णावरचं हुकमी औषध या बुरशीच्या बऱ्याच वाणांवर चालत नाही. २०२३मध्ये न्यूयॉर्कमधल्या दोन रुग्णांत ती सापडल्याचं अमेरिकी आरोग्य यंत्रणेने जाहीर केलं. ही बुरशी फोफावण्यामागे इतरही कारणं असतील, पण स्टेरॉइडमिश्रित मलमांचा बेसुमार वापर हे त्यातलं मोठं कारण, असं आपल्याकडचे अनेक त्वचारोगतज्ज्ञ वर्षानुवर्षं सांगत आले आहेत.

कायद्याने उशिरा का होईना दखल घेतली. बरीच वर्षं कातडीवर लावायच्या स्टेरॉइडांना चिठ्ठीच्या नियमातून पळवाट होती. मार्च २०१८मध्ये १४ स्टेरॉइडं शेड्यूल एचमध्ये आली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. त्याच वर्षी सप्टेंबरात बंदी घातलेल्या ३२८ मिश्र औषधांमध्ये अशी काही मलमंही होती. ट्यूबवर लाल पट्टी असते, ती याच नियमाची. ती पाहून चिठ्ठी मागणारी दुकानं किती, हे वाचकांना माझ्याइतकंच माहीत आहे.

चेहऱ्याचा उजळपणा

आकसलेल्या रक्तवाहिन्यांमुळे कातडी फिकट दिसते, आणि स्टेरॉइड रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींनाही मंद करतं. 'गोरं करणारं क्रीम' म्हणून ते चेहऱ्यावर चढलं ते या दोन गुणांमुळे. वांगावर १९७५मध्ये क्लिगमन आणि विलिस यांनी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि डेक्सामेथासोन यांचं मिश्रण सुचवलं. मर्यादित काळासाठी, देखरेखीखाली वापरायचं ते औषध. आपल्याकडे त्याच्या वारसदारांचं रोज रात्री लावायचं सौंदर्यप्रसाधन झालं. २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या, देशातल्या १२ केंद्रांवरच्या पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत होते.

काही महिन्यांनी मुरमं उठतात, लव वाढते, उन्हात गेलं की चेहरा पेटल्यासारखा लाल होतो. क्रीम बंद केलं की सक्तीने आकसलेल्या वाहिन्या एकदम फुगतात आणि आग वाढते. माणूस घाबरून पुन्हा तेच लावतो. चेहऱ्याला लागलेलं हे व्यसन सोडवायला कित्येकदा महिने जातात.

> ट्यूब किंवा बाटली हातात आल्यावर
>
> पुढचं मोठं नाव सोडा, मागची बारीक अक्षरं वाचा. घटकाच्या नावाच्या शेवटी 'सोन', 'लोन' किंवा 'नाइड' असेल तर ते बहुधा स्टेरॉइड: हायड्रोकॉर्टिसोन, मोमेटासोन, बीटामेथासोन, फ्लुओसिनोलोन, डेसोनाइड. या नियमाला चकवणारी तीन नावं लक्षात ठेवा: क्लोबेटासोल, हॅलोबेटासोल आणि डोळ्यांच्या थेंबांतलं लोटेप्रेडनॉल.
>
> डोळ्यांच्या थेंबांत नेहमी दिसणारी: प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, फ्लुओरोमेथोलोन. प्रतिजैविकासोबत मिसळलेली असली तरी ती स्टेरॉइडंच.
>
> 'झोल' शेवटी असलेली क्लोट्रिमाझोल, ल्युलिकोनाझोल वगैरे बुरशीनाशकं. ती स्टेरॉइडं नव्हेत.

डोळ्यात हिशेब कडक

कातडीवर दाहाचे डाग पडले तरी माणूस जगतो. डोळ्याच्या आत तेवढी सूट नसते. बुबुळ काचेसारखं स्वच्छ राहिलं तरच दिसतं, आणि सूज उतरल्यावर मागे राहणारा व्रण म्हणजे कायमचा पडदा. युव्हिआयटिसमध्ये डोळ्याच्या आतल्या रंगीत पडद्याला दाह होतो. वेळेवर आवरला नाही तर हा पडदा मागच्या भिंगाला चिकटतो. इथे स्टेरॉइडचे थेंब दृष्टी वाचवतात आणि सुरुवातीला ते दर तासालाही घालावे लागतात. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टर तेच देतात, कारण ऑपरेशन ही शेवटी एक जखमच, आणि तिच्यावरची शरीराची धावपळ आवरायची असते. (प्रेडनिसोलोन ॲसिटेटचे थेंब पांढुरके असतात. औषध पाण्यात विरघळत नाही, तळाशी बसतं. बाटली न हलवता घातली तर पहिले काही दिवस नुसतं पाणी आणि शेवटी दाट औषध डोळ्यात जातं.)

डोळे येणं मात्र वेगळं. २०२३च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर जी साथ आली, तसल्या साथी बहुतेक वेळा विषाणूंच्या असतात आणि आठ-पंधरा दिवसांत आपोआप ओसरतात. स्टेरॉइड घातलं की लाली झटकन जाते, विषाणू जात नाही. तो नागिणीच्या नात्यातला हर्पिस असला तर बुबुळावरची बारीक फांदीसारखी जखम स्टेरॉइडमुळे पसरून मोठा व्रण होतो. उसाचं पातं किंवा भाताचं तूस डोळ्याला लागून झालेल्या बुरशीच्या जखमेत तर धोका आणखी मोठा. शेतकऱ्याचा डोळा लाल, बुबुळावर पांढरा ठिपका, आणि घरात कुणाचे तरी उरलेले थेंब आहेत, अशा वेळी ती बाटली न उघडता नेत्रतज्ज्ञाकडे जावं.

दुसरा धोका मुका असतो. डोळ्यात एक पाणी सतत तयार होतं आणि कडेच्या जाळीतून वाहून जातं. स्टेरॉइड दिवसेंदिवस घातलं तर काही लोकांत ही जाळी तुंबते आणि डोळ्यातला दाब चढतो. साधारण एकतृतीयांश लोकांत तो थोडाफार वाढतो, आणि शंभरातल्या चार-सहा जणांत फार वाढतो. आपण त्यांतले आहोत का, हे आधी कळत नाही. दुखत नाही, लाल होत नाही. कडेची नजर गुपचूप जाते, आणि काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. वेळेत थेंब थांबवले तर दाब बहुधा काही आठवड्यांत उतरतो. महिनोन्महिने घातलेल्या थेंबांमुळे भिंगाच्या मागच्या बाजूला मोतीबिंदूही धरतो, तो लहान वयातही.

यात सगळ्यांत जास्त भरडली जातात उन्हाळ्यात ॲलर्जीने डोळे चोळत बसणारी मुलं. धूळ-उष्म्याच्या प्रदेशांत ही ॲलर्जी मुलग्यांत विशेष आढळते आणि दर वर्षी परतते. एकदा डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी दिलेले थेंब जादूसारखे लागू पडतात, मग आईवडील जुनी चिठ्ठी दाखवून तीच बाटली वर्षानुवर्षं आणतात. पापणीच्या कातडीवर चोळलेलं मलमही डोळ्याचा दाब वाढवू शकतं. पापणीची कातडी शरीरातली सर्वांत पातळ.

भीतीचीही एक बाजू

एवढं वाचून कुणी इसबाच्या बाळाची ट्यूब फेकून देईल, तर तोही तोटाच. 'स्टेरॉइड आहे' म्हणून भीतभीत मुगाएवढं लावणारे पालक त्वचारोगतज्ज्ञांना रोज भेटतात. दाह अर्धवट विझतो, मूल रात्रभर खाजवतं आणि औषध शेवटी जास्तच लागतं. १९९१मध्ये लाँग आणि फिनले यांनी सोपं माप दिलं: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकाच्या पेरावर ट्यूबमधून काढलेली मलमाची रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. तेवढं बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. मोठ्या माणसाच्या एका पायाला अशी सहा मापं लागतात, म्हणजे एका वेळी तीन ग्रॅम. दहा ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरली, तर औषध कमी पडलं म्हणून रोग हटला नाही, हेही शक्य आहे.

थांबवतानाही भटारखान्याचा हिशेब असतो. दाह मुळातून शमला नसताना हुकूम एकदम उठवला की तुंबलेल्या मागण्या एका वेळी आत घुसतात. म्हणून ऑपरेशननंतरचे थेंब आठवड्याला एकेक वेळ कमी करत चार-सहा आठवड्यांत उतरवतात आणि इसबाचं औषध आधी रोज, मग एक दिवसाआड येतं.

पंचवीस चुलींऐवजी मोजक्याच विझवणारी औषधं आता आहेत. जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतल्या जिवाणूपासून १९८४मध्ये सापडलेलं टॅक्रोलिमस हे त्यातलं जुनं. ते रोगप्रतिकारक पेशींचा एकच निरोप अडवतं, कोलॅजनला हात लावत नाही, म्हणून चेहरा आणि पापण्यांच्या इसबावर लांब मुदतीसाठी बरं पडतं. मुलांच्या डोळ्यांच्या ॲलर्जीतही त्याचा आणि सायक्लोस्पोरिनचा उपयोग होतो. पहिले काही दिवस ते चरचरतं, महागही पडतं, आणि इसब भडकलेला असताना जोरदार स्टेरॉइडच्या वेगाने ते लागू पडत नाही. त्यामुळे अनेक त्वचारोगतज्ज्ञ आधी थोडे दिवस स्टेरॉइड देऊन आग उतरवतात आणि मग टॅक्रोलिमसवर आणतात.